देह हजर करा

ज्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान जयेंद्र मोकल यांस नऊ वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा सुनावण्यात आली, त्या दिवशी न्यायाधीश महाराजांनी आरोपीच्या चेहऱ्याकडे एकदाही पाहिले नाही. त्यांची दृष्टी समोरच्या पडद्यावर खिळली होती. पडद्यावर जयेंद्र चालत होता. परंतु त्या आकृतीस मांस नव्हते, वस्त्र नव्हते, मुखही नव्हते. काळ्या पार्श्वभूमीवर काही हिरवे ठिपके आणि त्यांस जोडणाऱ्या रेषा, एवढाच तो जयेंद्र. त्याच्या शेजारी दुसरी एक तशीच आकृती चालत होती. दोघांची पावले एकदम पडत, एकदम उचलली जात. मग दोन्ही आकृत्या सरकत सरकत एकमेकींत मिसळल्या आणि पडद्याखाली अक्षरे उमटली : ‘व्यक्ती एकच. सराईत.’

जयेंद्र निष्पाप होता, असे मी या लेखात कोठेही म्हणणार नाही. आमचे खारघोणे गाव खाडीकाठचे. इतर गावांची मिठागरे भरावाखाली गाडली गेली, आमची मात्र सहकारी संस्थेने राखली. शेजारीच एका खाजगी कंपनीने गोदामे उभारली व खाडीच्या मुखाशी असलेली उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडण्याची दारे, आपल्या कुलुपात ठेवली. ऐन मीठ धरण्याच्या दिवसांत एकदा अवकाळी पाऊस झाला. गोडे पाणी वाफ्यांत चढू लागले आणि कुलूप उघडण्यास कोणी येईना. जयेंद्राने पहार घेऊन ते तोडले. पहारेकरी आडवा आला, त्यास त्याने ढकलले, आणि त्या गरीब माणसाचा हात मोडला. जयेंद्राने हे सर्व पोलिसांपुढे व न्यायालयापुढे कबूल केले.

“मीच तोरला, मीच ढकलला,” असे तो पिंजऱ्यातून म्हणाला. “त्या मानसाची माफी मागतो. शिक्षा द्या.”

या अपराधास कायद्यात दोन वर्षांची शिक्षा होती व ती न्याय्यच होती. उरलेली सात वर्षे यंत्राने दिली.

त्या यंत्राचे नाव ‘गतिवेध’. आमच्या गावात त्यास ‘पायबघ्या’ म्हणत. त्याचे शास्त्र समजून घेतल्यावाचून पुढील हकिगत ध्यानात यावयाची नाही, म्हणून मला समजले तेवढे येथे मांडतो.

मनुष्य चालतो म्हणजे काय करतो? तो प्रत्येक पावलागणिक पुढे पडतो, आणि पडता पडता स्वतःस सावरतो. हे पडणे व सावरणे प्रत्येकाचे निराळे असते. कोणाचा गुडघा उशिरा दुमडतो, कोणाची टाच आधी टेकते, कोणाचे कंबरडे किंचित डावीकडे झुकते. प्रथम वैद्यांनी याचा अभ्यास केला. कंपवाताचा रोगी हात थरथरू लागण्याच्या कितीतरी आधी चालीतून ओळखू येतो, असे त्यांस आढळले. मग पोलिसांच्या मनात आले की चोर तोंडावर फडके बांधील, हातमोजे घालील, परंतु चाल कोठे लपवील? अशा रीतीने गतिवेध जन्मास आला. साध्या कॅमेऱ्याने दुरून घेतलेल्या चित्रणातून तो सांध्यांची हालचाल टिपतो, तिची शेकडो मापे काढतो, आणि त्या मापांची एक खूण बनवतो. दोन माणसांची खूण जुळण्याची शक्यता कोटीत एक, असे शास्त्रज्ञांनी सांगितले व विधिमंडळाने ते मान्य केले. त्यातूनच दंडवृद्धीचा कायदा आला. एखादा अपराधी दोषी ठरला की त्याची चाल जुन्या, न सुटलेल्या गुन्ह्यांच्या चित्रणांशी पडताळावयाची. जुळली, तर तो सराईत, आणि त्याची शिक्षा त्या मानाने वाढवावयाची. त्या जुन्या गुन्ह्यांचा निराळा खटला नाही, साक्षीदार नाही, उलटतपासणी नाही.

मागील काही वर्षांत खाडीलगतच्या गोदामांत चार चोऱ्या झाल्या होत्या. चोर दिसत होता, परंतु त्याचे तोंड झाकलेले होते. यंत्र म्हणाले, तो जयेंद्र.

आणि माझ्या बहिणीने ते खरे मानले.

हर्षालीचा हा निर्णय मला तेव्हा बाणासारखा लागला. तिची बाजू मात्र येथे प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जयेंद्र हंगाम संपला की बंदरावर मजुरीस जाई. दोन-दोन आठवडे घरी नसे. येताना तिच्यासाठी काहीतरी आणी. एकदा सोन्याची कर्णफुले आणली आणि ‘जादा पाळी केली’ असे सांगितले. शिक्षा झाल्यावर तिने ती कर्णफुले काढून ठेवली, ती पुन्हा घातली नाहीत. पोलीस घरी आले व अमुक रात्री नवरा घरी होता काय, असे विचारू लागले. ती म्हणाली, नव्हता. ते सत्यच होते. तिचा तो जबाब सरकारने आपल्या कागदपत्रांत जोडला.

मी तिच्या दारी गेलो आणि संतापाने विचारले, “तू स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध साक्ष दिलीस?”

ती भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. “मना विचारला ते मी सांगला. खोटा बोलायला पायजे होता काय?”

“अगं, यंत्राच्या शब्दावर तू चौदा वर्षांचा संसार मोडणार?”

“यंत्राची माज्या नवऱ्याशी दुश्मनी हाय काय, दादा? मानूस खोटा बोलतो. यंत्र कनाला बोलल?” मग तव्याकडे पाहतच ती म्हणाली, “मी त्याला कवाच विचारला नाय, तू बंदरावर कं करतस. तो माजाच गुना.”

त्या दिवसापासून माझे व तिचे बोलणे बंद झाले. गावात कोणी तिला चोराची बायको म्हणत, कोणी फितूर म्हणत. ती दोन्ही ऐकून घेई.

कारागृहातील भेटी आता पडद्यावरच होतात. महिन्यातून एकदा मी तालुक्याच्या केंद्रात जाऊन बसे व समोर जयेंद्र उमटे. प्रथम काही महिने तो विनोद करी.

“दादा, जेलान मीठ कारखान्याचा हाय. नऊ वरसांची शिक्षा ती नाय, हीच हाय.”

नंतर त्याचे विनोद आटले. प्रत्येक वेळी तो शेवटी एकच विचारी, “हर्षा आली नाय?” आणि मी काहीतरी निमित्त सांगे. अपील केले, ते फेटाळले गेले. अपिलाच्या न्यायालयाने यंत्र पुन्हा चालवून पाहण्याचा हुकूम केला होता, आणि यंत्राने पुन्हा तेच उत्तर दिले होते. पाच वेळा विचारले, पाचही वेळा एकच उत्तर. यावरून न्यायालयाने ते उत्तर सत्य मानले. एकच चूक सातत्याने करणाऱ्यासही सत्यवादी समजले जाते, हे मला तेव्हा उमगले.

दोन वर्षे संपत आली तेव्हा पनवेलच्या ॲडव्होकेट निलोफर तुंगेकर यांची व माझी गाठ पडली. वय पस्तिशीच्या आतबाहेर, आवाज खणखणीत, चहात साखर तीन चमचे. त्यांनी सर्व कागद वाचले व चष्मा काढून ठेवला.

“चिंतामणराव, अपिलाचा रस्ता बंद झालाय. पण एक जुना दरवाजा आहे. फार जुना. बंदी प्रत्यक्षीकरण. हेबियस कॉर्पस.”

“म्हणजे पोलिसांनी कोणास बेकायदा डांबले तर करतात तो अर्ज? परंतु जयेंद्रास तर न्यायालयानेच पाठविले आहे.”

“तेच सरकार म्हणणार. शिक्षा झालेल्या माणसाला हा अर्ज करता येत नाही, असं सांगणार. आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं.” त्यांनी दोन बोटे वर केली. “पण जयेंद्रचा गुन्हा सिद्ध झाला तो दोन वर्षांचा. ती येत्या आठवड्यात पूर्ण होतात. त्यानंतर त्याला कशाच्या जोरावर आत ठेवलंय? सात वर्षांच्या त्या हुकमाखाली एक जुळणी सोडून काहीही नाही. ती जुळणी पोकळ आहे असं मी दाखवू शकले, तर त्या सात वर्षांना कायद्याचा आधारच उरत नाही. मग तो कैदी नाही. मग तो डांबून ठेवलेला माणूस आहे.”

“आणि दाखवता नाही आले तर?”

“तर अर्ज पहिल्याच दिवशी फेकला जाईल आणि तुमचे मेहुणे सात वर्षं बसतील. खोटी आशा मी विकत नाही. मला यंत्र चुकतं कुठे ते सापडलेलं नाही अजून. तुमचं गाव बघायला येऊ का?”

त्या आल्या ते दिवस वाफे तुडविण्याचे होते. मीठ पिकविण्यापूर्वी वाफ्याची जमीन दगडासारखी घट्ट करावी लागते, नाहीतर खारे पाणी जिरून जाते व मिठात चिखल येतो. त्यासाठी आमच्याकडे यंत्र चालत नाही. बायका, पुरुष, पोरे ओळीने उभी राहतात, एकमेकांच्या कमरेस हात घालतात आणि गाण्याच्या ठेक्यावर ओल्या मातीत पाय मारीत पुढे सरकतात. टाच आधी, मग तळवा बाहेरच्या अंगाने, मग गुडघा वर. ठेका चुकला की शेजारचा कमरेस चिमटा काढतो. आम्ही पाचव्या-सहाव्या वर्षापासून या ओळीत उभे राहतो.

तुंगेकर बाई निसरड्या बांधावरून सावकाश येत होत्या. मी पाणी आणावयास गेलो होतो. त्यांनी पुढे चाललेल्या एका माणसास हाक मारली, “चिंतामणराव, अहो थांबा की!”

तो माणूस वळला. तो आमच्या गावचा परशुराम भोईर निघाला. वाफ्यातल्या बायका खो खो हसू लागल्या.

“बाय, बांधावर पाठून नाव घेऊ नको कोनाचा!” आमच्या रखमाकाकू ओरडल्या. “आमी आमच्या घोवाला पन वलखत नाय. ‘थोबार दाखव’ बोलायचा आनी मंगच नाव घ्यायचा. या नंदेनी एकदा परशाला आपला नवरा समजून पाठून धपाटा घातलान!”

“आनी परशानी गप खाल्लान!” दुसरी म्हणाली, आणि परशुराम लाजून खाडीकडे पाहू लागला.

सर्व हसत होते. एकट्या तुंगेकर बाई हसत नव्हत्या. त्या बांधावर जागच्या जागी उभ्या होत्या, आणि वाफ्यातून बाहेर पडून न्याहारीस निघालेल्या माणसांच्या पाठींकडे पाहत होत्या. एकामागून एक पन्नास पाठी. सर्वांची टाच आधी, सर्वांचा तळवा बाहेरून, सर्वांचे गुडघे तितकेच वर.

“चिंतामणराव,” त्या अत्यंत हलक्या आवाजात म्हणाल्या, “हे सगळे घरी पण असेच चालतात?”

मी म्हणालो, “निराळे कसे चालणार?”

त्यांनी मला बांधावरच खाली बसविले व समजावून सांगितले. कोटीत एक हे गणित खोटे नव्हते. ते शहरातील माणसांवरून काढलेले होते. तेथे प्रत्येक मूल आपल्या घरात, आपल्या फरशीवर, आपापले चालावयास शिकते, म्हणून प्रत्येकाची खूण निराळी पडते. आम्ही मात्र चालणे एकत्र शिकलो होतो. ज्या वयात हाडे व स्नायू आपली सवय ठरवितात, त्या वयात आमच्या सर्वांच्या कमरा एकमेकांस बांधलेल्या होत्या. अफाट मैदानात माणसे विखुरलेली असावीत आणि एका कोपऱ्यात एक सबंध गाव दाटीवाटीने उभे असावे, तसे यंत्राच्या मापांत आम्ही उभे होतो. यंत्राने त्या कोपऱ्यात एकच माणूस पाहिला होता, जयेंद्र. म्हणून त्या कोपऱ्यातून जाणारा प्रत्येक जण त्यास जयेंद्र वाटत होता.

“मग ती चोरी केली कोणी?” मी विचारले.

“मला माहीत नाही. या खाडीवर अशी मिठागरं किती होती? चार चोऱ्यांत एक माणूस आहे की चार, हेसुद्धा त्या यंत्राला माहीत नाही. आणि ज्याला माहीत नाही त्याला सात वर्षं देता येत नाहीत.”

अर्ज उच्च न्यायालयात दाखल झाला. पहिल्या तारखेस सरकारने जयेंद्रास पडद्यावर हजर केले, कारण हल्ली तीच रीत आहे. न्यायपीठावर न्यायमूर्ती श्रीमती कालिंदी बर्वे व त्यांचे एक सहकारी होते. तुंगेकर बाई उभ्या राहिल्या.

“मायलॉर्ड, या अर्जाचा अर्थच मुळी ‘देह हजर करा’ असा आहे. हे चित्र आहे. चित्रावरूनच माझ्या अशिलाला सात वर्षं मिळाली. मला त्याचा देह हवा आहे.”

सरकारी वकील मंद हसले. “विदुषी भगिनी शब्दांत अडकल्या आहेत. तो पडद्यावर स्पष्ट दिसतो आहे. शिवाय हा अर्जच चालत नाही. सक्षम न्यायालयाने शिक्षा दिली आहे, अपील फेटाळलेलं आहे.”

बर्वे बाईंनी बराच वेळ पडद्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, “मिस्टर जयेंद्र, आपण उभे आहात की बसला आहात?”

चित्र छातीपर्यंतच होते. जयेंद्र म्हणाला, “उभा हाय, साहेब. कवापासून.”

“अर्ज चालतो की नाही ते आम्ही ऐकू,” त्या म्हणाल्या. “पण ऐकताना माणूस समोर असेल. पुढच्या तारखेला त्याला इथे आणा. आणि सरकारने आपलं यंत्रही आणावं.”

पुढील तारखेस न्यायालयाच्या लांब ओवरीत कॅमेरे मांडले गेले. आमच्या गावचे आठ जण आले होते. आणि समोरच्या बाजूस, सरकारी वकिलांच्या मागील बाकावर, डोक्यावरून पदर घेऊन माझी बहीण बसली होती. तिचा जबाब सरकारच्या कामी होता, म्हणून सरकारने तिला बोलाविले होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही.

जयेंद्रास दोन पोलिसांनी आणले. तो वाळला होता. त्याने प्रथम आमच्याकडे पाहिले, मग पलीकडे, आणि तेथेच त्याची दृष्टी थांबली. हर्षालीने मान खाली घातली.

गतिवेधचे प्रमुख शास्त्रज्ञ डॉ. सोहोनी मोठे सज्जन गृहस्थ होते. आपल्या निर्मितीवर त्यांचा मनापासून विश्वास होता. त्यांनी न्यायमूर्तींस नम्रपणे सांगितले, “हे यंत्र पोशाख, वय, स्त्री की पुरुष, यातलं काहीच पाहत नाही. त्यामुळेच ते पक्षपात करू शकत नाही. ते फक्त गती पाहतं.”

जयेंद्र ओवरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालला. पडद्यावर अक्षरे आली : ‘जयेंद्र मोकल. सराईत.’ सरकारी वकिलांनी समाधानाने मान डोलाविली.

“आता हे गृहस्थ,” तुंगेकर बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला पुढे केले.

मी पन्नाशीचा, स्थूल, जयेंद्राहून वीतभर बुटका. मी चाललो. माझ्या उभ्या आयुष्यात मी चालण्याचा इतका विचार कधी केला नव्हता. टोकास पोहोचून वळलो तेव्हा ओवरीत कुजबुज पसरली होती. पडद्यावर लिहिले होते : ‘जयेंद्र मोकल. सराईत.’

मग परशुराम चालला. जयेंद्र मोकल. रखमाकाकू नऊवारी सावरीत, पडद्यास हात जोडून चालल्या. जयेंद्र मोकल. “या वयान मना जावय बनवलान!” त्या मोठ्याने म्हणाल्या आणि शिपायांना हसू आवरेना. आठांतील सात जण जयेंद्र मोकल निघाले. आठवा लंगडत होता, त्यास यंत्राने ओळखले नाही.

डॉ. सोहोनींचा चेहरा पांढरा पडला होता, परंतु ते खचले नाहीत. “मायलॉर्ड, हे सर्व अर्जदाराचे लोक आहेत. कैद्याच्या चालीची नक्कल यांना शिकवून आणलेली असू शकते. सराव केला तर काही पावलं साधतं. असं उदाहरण आम्ही प्रयोगशाळेत पाहिलं आहे.”

सरकारी वकिलांनी तो धागा तत्काळ पकडला. “नेमकं हेच! ही कवायत आहे, पुरावा नव्हे.”

न्यायमूर्ती बर्वे यांनी लेखणी खाली ठेवली. मला दिसले की त्यांच्या मनात पारडे पुन्हा हलले आहे. आक्षेप खोटा होता, परंतु तो खोडावा कसा? आमच्या बाजूने जो कोणी उभा राहील तो शिकवून आणलेलाच ठरणार होता. तुंगेकर बाईंच्या कपाळावर मी प्रथमच घाम पाहिला. जयेंद्राच्या दंडाभोवती पोलिसाचा हात होता, आणि सात वर्षे त्या हातात होती.

तेव्हा समोरच्या बाकावरून आवाज आला.

“मी चालते.”

सर्वांनी वळून पाहिले. हर्षाली उभी राहिली होती.

सरकारी वकील गडबडले. “बाई, तुम्ही आमच्या साक्षीदार आहात. तुम्ही बसा.”

“तुमचीच हाय ना? मंग मना कोनी शिकवला?” ती म्हणाली. “दोन वरसां मी या मानसाला भेटली नाय. माज्या भावाशी बोलली नाय. मी यंत्राचा खरा धरून बसली. आता ते माज्याबद्दल कं बोलते ते मना बगू दे.”

न्यायमूर्ती बर्वे पुढे झुकल्या. “आपली इच्छा असेल तरच. कोणाची सक्ती नाही.”

“माजी इच्छा हाय, साहेब.”

तिने चपला काढल्या. पदर खोचला. ओवरीच्या टोकास जाऊन ती क्षणभर थांबली. लहानपणी वाफ्यात ती नेहमी माझ्या डाव्या बाजूस असे, आणि ठेका चुकला की मी तिला चिमटा काढी. ती निघाली. ना घाई, ना ऐट. टाच, तळवा, गुडघा. ती पडद्याकडे न पाहता सरळ जयेंद्राच्या डोळ्यांत पाहत चालत होती, आणि त्याने दोन्ही ओठ घट्ट मिटून घेतले होते.

यंत्राने नेहमीप्रमाणेच विलंब लावला नाही.

‘जयेंद्र मोकल. सराईत.’

कोणी हसले नाही. ती पडद्यासमोर उभी राहून ती अक्षरे वाचत राहिली. मग डॉ. सोहोनींकडे वळून, आवाज न चढविता तिने विचारले, “साहेब, मी माजा नवरा हाय काय?”

डॉ. सोहोनी थोर माणूस म्हणून मी त्यांना आजही मान देतो. त्यांनी वकिलाकडे पाहिले नाही, कागदाकडे पाहिले नाही. ते म्हणाले, “नाही, बाई. आमचं चुकलं आहे.” आणि न्यायपीठाकडे वळून म्हणाले, “या समाजाच्या बाबतीत माझ्या यंत्राची जुळणी निरर्थक आहे. आणखी कोणाकोणाच्या बाबतीत असेल, ते मला आता पाहावं लागेल. माझं हे म्हणणं नोंदवून घ्यावं.”

निकाल तेथल्या तेथे, भर ओवरीत देण्यात आला. न्यायमूर्ती बर्वे यांची वाक्ये मला अजून पाठ आहेत. त्या म्हणाल्या, “सरकार म्हणतं की शिक्षेच्या हुकमाआड हा अर्ज येऊ शकत नाही. आम्हाला ते मान्य नाही. हुकूम म्हणजे नुसता कागद नव्हे, त्याच्या पोटात कारण असावं लागतं. या माणसाने जो अपराध केला त्याची शिक्षा त्याने भोगली आहे. जो अपराध त्याचा असल्याचं कोणीही सिद्ध केलेलं नाही, त्याच्या शिक्षेचा हुकूम पोकळ आहे, आणि पोकळ हुकमावर एका माणसाचा देह एक तासही अडकवता येत नाही. याला मुक्त करण्यात यावं.”

पोलीस गोंधळून म्हणाला, “मॅडम, म्हणजे आधी कारागृहात नेऊन, मग कागद आल्यावर...”

“कुठेही नेऊ नका. तो आता कोणाचाही कैदी नाही. हात काढा.”

पोलिसाने हात काढला. जयेंद्र तेथेच उभा राहिला. इतके दिवस धरलेल्या माणसास सोडले की आपण कोठे जावे हे त्यास चटकन कळत नाही, असे दिसते. शेवटी हर्षालीच त्याच्यापाशी गेली.

“मी पापिन हाय,” ती म्हणाली. “मी यंत्राचा खरा मानला.”

दोन वर्षांत आटलेला जयेंद्राचा विनोद कोठून वर आला देव जाणे. “मानला तर मानला. पन आता तुजा नाव आलाय यंत्रान. चार चोऱ्या हायत तुज्यावर. मना सांग, माल कुठं ठेवलास?”

ती हसता हसता रडू लागली, आणि रखमाकाकूंनी तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

त्या निकालाचा पडसाद खारघोण्यापुरता राहिला नाही. पुढील वर्षभरात राज्यातील कारागृहांतून अर्जांमागून अर्ज आले. एकाच धाटणीने वाकून ऊस तोडणारे, बालपणापासून एकच कावड एकाच खांद्यावर वाहणारे, एकाच टोळीत डोक्यावर पाटी घेऊन चढउतार करणारे, असे कितीतरी लोक यंत्राच्या दाट कोपऱ्यांत उभे होते. तुंगेकर बाईंनी त्यांतील पुष्कळ अर्ज स्वतः चालविले. डॉ. सोहोनी कित्येकदा त्यांच्याच बाजूने साक्षीस उभे राहिले. दंडवृद्धीचा कायदा रद्द झाला. आता चाल जुळली, तर त्यावरून तपास सुरू होतो, शिक्षा होत नाही. माणसे रांगेने घरी आली.

परंतु मला त्या सर्वांहून अधिक आठवते ती त्याच दिवसाची दुपार. न्यायालयाबाहेर पडलो तेव्हा सर्वांस कडकडून भूक लागली होती. समोरच्या उपाहारगृहात आम्ही तीन टेबले जोडून बसलो. तुंगेकर बाईही होत्या. वेटरने भराभर सर्वांचे विचारून घेतले आणि जयेंद्रापाशी येऊन तो थांबला.

“शेठ, तुम्हाला काय?”

जयेंद्राने भिंतीवरील फलकाकडे पाहिले. मिसळ, पुरी भाजी, डोसा, थालीपीठ, फालुदा. तो एकेक नाव वाचीत गेला, शेवटास पोहोचला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला. दोन वर्षे ताटात पडेल ते त्याने खाल्ले होते.

“शेठ, बोला ना. गर्दी आहे.”

मी म्हणणार होतो, यास मिसळ आण. तोंड उघडले देखील. हर्षालीने टेबलाखालून मला थांबविले आणि वेटरकडे पाहून म्हणाली, “घाई करू नको त्याला. त्याला ठरवू दे.”

वेटर दुसऱ्या टेबलाकडे गेला. जयेंद्र खुर्चीत मागे रेलून बसला. फलकावरून त्याची दृष्टी सावकाश, मजेत खाली उतरत होती, आणि त्याच्या चेहऱ्यावर असे तेज पसरले होते की शेजारच्या टेबलावरील अनोळखी माणसेही त्याच्याकडे पाहू लागली. काही वेळाने वेटर परत आला.

“ठरलं का, शेठ?”

“नाय,” जयेंद्र हसून म्हणाला. “अजून ठरवतंय.”